ओडी, बीडी, एसओएस: डॉक्टरांच्या चिठ्ठीतली लॅटिन अक्षरं काय सांगतात?

हदगाव तालुक्यातल्या रुग्णाला मोठ्या उपचारासाठी नांदेडला, विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं, तर परत येताना त्याच्या हातात एक चिठ्ठी असते. लिहिणारे डॉक्टर नांदेडलाच राहतात. चिठ्ठी मात्र तामसा, मनाठा किंवा निवघ्याच्या घरात पोहोचते. रात्री जेवण झाल्यावर कुठली गोळी द्यायची, हे घरच्यांना त्या कागदावरच्या दोन-तीन इंग्रजी अक्षरांवरून ठरवायचं असतं.

अक्षरं इंग्रजी असली, तरी त्यामागचे बहुतेक शब्द लॅटिन आहेत. ते कुठून आले आणि कुठे घोटाळा होऊ शकतो, हे समजून घेऊ.

लॅटिनच का?

युरोपात कित्येक शतकं वैद्यकाचं शिक्षण आणि ग्रंथ लॅटिनमध्ये होते. डॉक्टर आणि औषध तयार करणारा, दोघांनाही ती भाषा येत असे. त्यामुळे कमी जागेत सूचना लिहिण्यासाठी लॅटिन शब्दांची आद्याक्षरं सोयीची ठरली. इंग्रजांच्या काळात पाश्चात्त्य वैद्यकाबरोबर ही पद्धत भारतात आली. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं. पुढे लॅटिन मागे पडली, पण आद्याक्षरं टिकली.

चिठ्ठीच्या सुरुवातीला दिसणारं 'आरएक्स' हे चिन्हही त्यातलंच. ते 'रेसिपे' या लॅटिन शब्दावरून आलं. त्याचा अर्थ 'घ्या'. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या शेड्यूल एचमधल्या औषधांच्या पाकिटावरही हे चिन्ह छापलेलं असतं.

नेहमी दिसणारी अक्षरं

- ओडी (ओम्नी दिए): दिवसातून एकदा
- बीडी किंवा बीआयडी (बिस इन दिए): दिवसातून दोनदा
- टीडीएस किंवा टीआयडी (तेर दिए सुमेंदुम, तेर इन दिए): दिवसातून तीनदा
- क्यूआयडी (क्वातेर इन दिए): दिवसातून चारदा
- एचएस (होरा सोम्नी): झोपताना
- एसी (आन्ते सिबुम): जेवणाआधी
- पीसी (पोस्त सिबुम): जेवणानंतर
- एसओएस (सी ओपुस सित): गरज पडली तरच
- पीआरएन (प्रो रे नाता): गरजेनुसार
- स्टॅट (स्टॅटिम): ताबडतोब

लॅटिन आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या. म्हणून 'बिस'चं नातं 'द्विः'शी, 'तेर'चं 'त्रिः'शी आणि 'क्वातेर'चं 'चतुः'शी लागतं. 'दिए' आणि आपला 'दिवस' हेही एकाच मुळाचे. ही जोडी लक्षात ठेवली, तर यादी पाठ करावी लागत नाही.

दोन गैरसमज मात्र वारंवार होतात. एसओएस पाहून अनेकांना संकटाचा संदेश आठवतो आणि ते औषध सर्वात आधी घ्यायचं, असं वाटतं. प्रत्यक्षात त्रास झाला तरच ते घ्यायचं असतं. दुसरा गैरसमज टीडीएसचा. बँकेतला टीडीएस म्हणजे कर कपात. चिठ्ठीतला टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा. पण तीनदा म्हणजे बरोबर आठ-आठ तासांनी, की सकाळ, दुपार आणि रात्रीच्या जेवणाबरोबर, हे त्या तीन अक्षरांतून कळत नाही. ते विचारावंच लागतं.

घोटाळा कुठे होतो?

आद्याक्षरांची खरी अडचण अशी, की एकाच अक्षरांचे दोन अर्थ असू शकतात.

ओडी म्हणजे दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या तपासणीत ओडी म्हणजे 'ओकुलुस देक्स्तेर', उजवा डोळा. डोळ्यांच्या थेंबांच्या चिठ्ठीवर नुसतं ओडी लिहिलं, तर थेंब रोज एकदा टाकायचे की उजव्या डोळ्यात, असा प्रश्न पडतो. एचएसचा अर्थ झोपताना असाही होतो आणि इंग्रजीत 'अर्ध्या ताकदीचं औषध' असाही.

काही अक्षरं एकमेकांसारखी दिसतात. क्यूडी म्हणजे रोज एकदा, क्यूओडी म्हणजे एक दिवसाआड, क्यूआयडी म्हणजे रोज चारदा. घाईच्या हस्ताक्षरात मधलं अक्षर नीट उमटलं नाही, तर एकाच्या जागी चार गोळ्या पोटात जाऊ शकतात.

म्हणूनच अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये 'वापरू नका' अशा संक्षेपांची यादी तयार केली. त्यात क्यूडी आणि क्यूओडी आहेत. इन्सुलिनच्या 'युनिट'साठी लिहिलं जाणारं नुसतं 'यू' अक्षरही आहे, कारण आकड्यापुढचं 'यू' शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या औषधांत तर चुकीला जागाच नाही. संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतलं, तर जिवावर बेतू शकतं. अशा औषधापुढे 'दर सोमवारी' असं वाराचं नाव लिहिलेलं असणं सर्वात सुरक्षित.

मग योग्य संक्षेप कोणता?

वाचणारा ज्याचा एकच अर्थ लावेल, तो. आणि तसा संक्षेप नसेल, तर पूर्ण शब्द.

ही गोष्ट औषधांपुरती नाही. इंग्रजीत लिहिताना 'आय.ई.' (इद एस्त, म्हणजेच) आणि 'ई.जी.' (एक्झेम्प्ली ग्रातिया, उदाहरणार्थ) यांची गल्लत नेहमी होते. ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळाने २०१६ मध्ये असे लॅटिन संक्षेप टाळून सोपे इंग्रजी शब्द वापरायचं ठरवलं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, ते अडखळतात आणि अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणारी काही सॉफ्टवेअर 'ई.जी.'चा उच्चार 'एग' असा करतात, हे त्यामागचं कारण होतं.

चिठ्ठीसाठी भारतात सोपा पर्याय आधीच रुळला आहे: १-०-१. पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा, शेवटचा रात्रीचा. म्हणजे सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. त्यापुढे 'जेवणानंतर, ५ दिवस' एवढं मराठीत लिहिलं, की शाळेत जाणारं नातवंडही आजीला गोळी काढून देऊ शकतं.

नियम काय सांगतात?

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने २०१६ मध्ये दुरुस्ती केली. त्यानुसार औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत लिहायचं असतं. औषध कसं घ्यायचं, हे रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचंही काम आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत ते नमूद आहे. त्यामुळे मेडिकलवर विचारताना संकोच करायचं कारण नाही.

तुम्ही काय करू शकता?

- दवाखान्यातून निघण्याआधी प्रत्येक औषधाबद्दल चार गोष्टी विचारा: किती, कधी, जेवणाआधी की नंतर, किती दिवस.
- उत्तर ऐकल्यावर तेच डॉक्टरांना किंवा नर्सना आपल्या शब्दांत परत सांगा. चूक असेल तर तिथेच लक्षात येते.
- मेडिकलवाल्यांना प्रत्येक पाकिटावर पेनने मराठीत लिहून द्यायला सांगा.
- एसओएस असेल, तर दोन गोळ्यांत किमान किती तास जाऊ द्यायचे आणि दिवसाला जास्तीत जास्त किती चालतील, हे विचारून घ्या.
- डोळ्यांचे थेंब असतील, तर उजवा, डावा की दोन्ही डोळे, हे लिहून घ्या.
- चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून अर्थ विचारू नका. त्यात रुग्णाचं नाव आणि आजार दोन्ही सगळ्यांना दिसतात.

वरची यादी चिठ्ठी समजायला मदत करेल, पण अक्षर नीट लागत नसेल तर अंदाजाने गोळी देऊ नका. चिठ्ठीवर छापलेल्या नंबरवर किंवा जवळच्या फार्मासिस्टला एक फोन करा. खात्री झाल्यावरच पाकीट उघडा.