हिंगणघाटचा मुक्काम आणि गणनसाधनांतील गृहीते

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट हे गाव कापसाच्या व्यापाराकरिता सर्वपरिचित आहे. भूमापनाच्या इतिहासात मात्र त्याचे नाव निराळ्या कारणाने येते. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रवर्तक विल्यम लॅम्टन हैदराबादेहून नागपूरकडे जात असता जानेवारी १८२३ मध्ये येथेच मरण पावला. त्या वेळी हा मुलूख भोसल्यांच्या नागपूर राज्यात होता. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा १८६२ मध्ये झाला. लॅम्टनचे चरित्र अनेकांनी लिहिले आहे. प्रस्तुत टिपणाचा विषय त्याच्या सामानातील एका दुर्लक्षित वस्तूपुरता, म्हणजे गणिताच्या कोष्टकांपुरता, मर्यादित आहे.

१८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा साखळीने मोजून लॅम्टनने कार्य आरंभिले. त्यापुढे अंतरे मोजावयाची नव्हती. मोजावयाचे ते कोन. त्यासाठी अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट यंत्र डोंगरमाथ्यांवर चढविले जाई. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढविताना दोर तुटून त्या यंत्राची वर्तुळपट्टी वाकली व लॅम्टनने ती स्वतःच दुरुस्त केली, ही कथा प्रसिद्धच आहे. यंत्राच्या कथा सांगितल्या जातात, कोष्टकांच्या नाहीत. वस्तुतः कोनांपासून अंतरे काढण्याचे सर्व काम कोष्टकांचेच होते.

एक बाजू व तीन कोन ज्ञात असता दुसरी बाजू ज्यानियमाने मिळते. हातांनी सात-आठ अंकी संख्यांचा गुणाकार-भागाकार करीत बसणे अशक्यप्राय. परंतु कोनांच्या ज्यांचे लॉगरिदम छापून तयार असल्याने तेथे केवळ एक बेरीज व एक वजाबाकी उरे. किती अंकी कोष्टक घ्यावे हा प्रश्न गौण नव्हे. तीस मैलांच्या बाजूत सप्तांकी कोष्टकाच्या अखेरच्या अंकातील एका घटकाची चूक सुमारे एक सेंटिमीटर होते. पंचांकी कोष्टकात तीच एक मीटरहून अधिक. कोनात एका विकलेची चूक झाल्यास, ४५ अंशांच्या आसपास, बाजूत सुमारे २३ सेंटिमीटरांचा फरक पडतो. म्हणजे सप्तांकी कोष्टक यंत्रापेक्षा सूक्ष्म होते व पंचांकी कोष्टकाने यंत्राचे सारे श्रम वाया गेले असते.

दुसरी अडचण पृथ्वीच्या गोलाकाराची. मोठ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित अधिक भरते. तीस मैल बाजूच्या समभुज त्रिकोणात हे आधिक्य सुमारे ५ विकला असते. लजांद्रने १७८७ मध्ये दिलेल्या नियमाप्रमाणे प्रत्येक कोनातून त्याचा तृतीयांश वजा केला की तोच त्रिकोण सपाट मानून सोडविता येतो. पुढे जॉर्ज एव्हरेस्टच्या हाताखाली असे हिशेब करणाऱ्या मनुष्यांचे पदनामच ‘कॉम्प्युटर’ होते; राधानाथ सिकदार १८३१ मध्ये त्या पदावर रुजू झाले.

कोष्टक काय करते? एकदा केलेले परिश्रम ते साठवून ठेवते. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या आलेखी गणकयंत्रातील ज्येची कळ ह्याच जातीची आहे. (कळ अंशांवर आहे की रेडियनांवर, हे न पाहता उत्तर लिहिणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतातच.) परंतु साठविलेल्या श्रमाबरोबर गृहीतेही साठविली जातात, आणि ती दिसत नाहीत.

सर्वेक्षणाच्या रीतीत असे एक गृहीत होते: ओळंबा सर्वत्र मानीव पृथ्वीपृष्ठाशी लंब असतो. लॅम्टनला दक्षिणेत ह्याविषयी शंका आली होती. पुढे कल्याणपूर व कलियाना ह्या दोन स्थानांतील अक्षांशभेद ताऱ्यांवरून ५° २३′ ३७.०५८″ आला आणि त्रिकोणांच्या मालिकेवरून ५° २३′ ४२.२९४″. फरक अवघ्या ५.२३६ विकलांचा, पण जमिनीवर तो सुमारे १६० मीटर होतो. एव्हरेस्टने तो मापनातील चूक समजून साखळीत वाटून टाकला. माझ्या मते येथे त्या कुशल गणिताने भौतिकीचा प्रश्न झाकून टाकला. कलकत्त्याचे पाद्री जॉन प्रॅट ह्यांनी हिमालयाच्या आकर्षणाचा हिशेब मांडला, तेव्हा फरक १५.८८५ विकला यावयास हवा होता असे दिसले. म्हणजे प्रश्न उलटाच झाला: हिमालय ओळंब्याला इतका कमी का ओढतो? १८५५ मध्ये एअरीने उत्तर सुचविले, की पर्वतांखाली हलक्या द्रव्याची खोल मुळे आहेत. भूकवचाच्या समतोलाची कल्पना अशी ह्या फरकातून निघाली.

एव्हरेस्टचा १८३० चा पृथ्वीगोल, ज्याचे चपटेपण सुमारे १/३००.८, भारताच्या नकाशांना दीर्घकाळ आधार राहिला. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर खुल्या मालिकेचे नकाशे नव्या जागतिक गोलावर निघू लागले. जुन्या स्थलदर्शक नकाशावरून हिंगणघाट परिसरातील विहिरीचे अक्षांश-रेखांश घेऊन ते उपग्रहयंत्राच्या नोंदीशी ताडून पाहिले, तर दोहोंत शंभर मीटरहून अधिक अंतर पडते. विहीर हललेली नसते.