छायाचित्राचा कर्ता कोण?

यंत्राने काढलेल्या चित्रात माणसाचे कर्तृत्व किती, हा वाद आजचा नव्हे. १८८२ साली न्यूयॉर्कच्या नेपोलियन सॅरोनीने ऑस्कर वाइल्डचे छायाचित्र काढले. एका शिळाछाप कंपनीने परवानगीवाचून त्याच्या ८५ हजार प्रती छापल्या आणि बचाव केला की, यंत्राच्या कामाला कर्ता कसला? १८८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, बैठक, वेष, छायाप्रकाश यांची योजना सॅरोनीची. म्हणून चित्रही त्याचेच.

२०२३ साली बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करविलेल्या चित्राला मिळालेले सोनी जागतिक छायाचित्र पारितोषिक स्वतःच नाकारले. योजना त्याचीही होती; पण सॅरोनीपुढे वाइल्ड प्रत्यक्ष बसला होता, या चित्रातल्या दोन स्त्रिया मात्र कधी जन्मल्याच नव्हत्या. योजना उद्या यंत्रही करील. पाहिल्याची साक्ष माणसालाच द्यावी लागेल.