एक मोठी चिप की अनेक लहान?

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. आलेखाच्या कागदावर मोहरीचे 10 दाणे टाकावेत. एकेक दाणा म्हणजे सिलिकॉनच्या चकतीतला एकेक दोष. कागदाचे 20 मोठे चौकोन पाडले आणि प्रत्येक दाणा वेगळ्या चौकोनात पडला, तर निम्मे चौकोन बाद. त्याच कागदाचे 80 लहान चौकोन पाडले, तर बाद होतील 10च; 70 हाती लागतील. मोठी चिप महाग का पडते, हे मुलांना यावरून चटकन समजते.

मग सगळ्या चिपा लहानच का करत नाहीत? उत्तर संगणकावरील चित्रांच्या इतिहासात सापडते.

अमेरिकेतील थ्रीडीएफएक्स ही कंपनी 1994 मध्ये निघाली. खेळांतली त्रिमिती चित्रे झपाट्याने रेखाटणाऱ्या तिच्या चिपा गाजल्या. 1998 च्या 'वूडू 2'ची युक्ती साधी होती: दोन कार्डे जोडायची, पडद्यावरील सम रेघा एकाने काढायच्या, विषम दुसऱ्याने. 2000 साली 'वूडू 5 5500' मध्ये एकाच कार्डावर दोन चिपा बसवल्या.

पण यात एक मेख होती. भिंतीवर विटांचे चित्र चिकटवायचे, तर ते दोन्ही चिपांना लागणार. म्हणून प्रत्येकीच्या स्मृतीत त्याची वेगळी प्रत ठेवावी लागे. कार्डावर स्मृती 64 मेगाबाइट, पण एका चिपच्या वाट्याला 32च. काम वाटले गेले, माहिती वाटता आली नाही. प्रतिस्पर्धी एनव्हिडियाने मात्र 1999 च्या 'जीफोर्स 256' मध्ये अधिक कामे एकाच चिपमध्ये घेतली. चार चिपांचे 'वूडू 5 6000' बाजारात आलेच नाही. उशीर, पैशाची ओढाताण अशी इतर कारणेही होती. डिसेंबर 2000 मध्ये थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता एनव्हिडियालाच विकण्याचे जाहीर केले.

गोष्ट इथे संपत नाही. चिपवर नक्षी छापणारी यंत्रे एका वेळी सुमारे 26 × 33 मिलिमीटर एवढेच क्षेत्र छापतात. त्या मर्यादेला टेकल्यावर 2024 मध्ये एनव्हिडियानेही 'ब्लॅकवेल'मध्ये दोन चिपा शेजारी शेजारी जोडल्या. त्यांच्यात सेकंदाला 10 लाख कोटी बाइटांची ये-जा होऊ शकते. त्यामुळे एकीला दुसरीची स्मृती आपलीच असल्यासारखी वापरता येते.

म्हणजे चिपा किती, यापेक्षा त्यांच्यातली देवाणघेवाण किती वेगाने होते, हे महत्त्वाचे. वर्गाच्या दोन टोकांना बसलेल्या गटांना एकच नकाशा लागला की काय होते, हे शिक्षकांना ठाऊक आहेच!