ग्लायसेमिक निर्देशांक

ग्लायसेमिक निर्देशांक : अन्नातील कर्बोदकांमुळे रक्तशर्करा किती वाढते, हे ग्लुकोजच्या तुलनेत दाखविणारा अंक (→ कर्बोदके). टोराँटो विद्यापीठातील डेव्हिड जेंकिन्स व सहकाऱ्यांनी तो १९८१ मध्ये मांडला. ५० ग्रॅम उपलब्ध कर्बोदके असलेला पदार्थ उपाशीपोटी खायला देऊन दोन तास रक्तशर्करा मोजतात. तिच्या आलेखाखालील वाढीव क्षेत्रफळाची तुलना ग्लुकोजशी करतात. ग्लुकोजचा अंक १००. ५५ पर्यंतचा निर्देशांक कमी, तर ७० व त्यापुढील जास्त मानतात.

अंक पदार्थाच्या नावापेक्षा त्याच्या घडणीवर ठरतो. अमायलोज अधिक असलेला तांदूळ सावकाश पचतो, चिकट तांदूळ लवकर. शिजवून गार केलेल्या भातातील काही स्टार्च पचनास प्रतिरोधी बनते. स्निग्ध पदार्थ, प्रथिने व आम्ल यांमुळे जठर हळू रिकामे होते (→ पचन). हरभरा, मसूर यांचा निर्देशांक कमी असतो. साखरेचा मात्र सुमारे ६५ एवढाच, कारण तिचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो.

खाल्लेले प्रमाण यात धरलेले नसते. त्यासाठी ग्लायसेमिक भार काढतात : निर्देशांक गुणिले कर्बोदकांचे ग्रॅम, भागिले १००. कलिंगडाचा निर्देशांक जास्त असूनही नेहमीच्या फोडीचा भार कमी येतो. एकाच पदार्थाला व्यक्तिपरत्वे मिळणारा प्रतिसाद बराच वेगळा असतो (→ इन्शुलिन; मधुमेह).