मोरेआ बेटाची वेल आणि दिल्लीची हवा

दिल्लीतील सरकारी वसाहतींत एक वेल खिडकीखिडकीत आढळते. औषधाची रिकामी बाटली, लोणच्याची जुनी बरणी, कान तुटलेला कप, तिला काहीही चालते. पाने हृदयाच्या आकाराची, हिरव्या रंगावर पिवळसर शिंतोडे असलेली. लोक तिला मनीप्लांट म्हणतात. ही वेल शेजाऱ्याकडून न विचारता आणली तरच घरात लक्ष्मी नांदते, असा समज उत्तरेकडे रूढ आहे. या समजाने किती घरांत लक्ष्मी आली ते लक्ष्मीच जाणे; वेलीचा प्रसार मात्र भरपूर झाला.

तिचे मूळ घर दिल्लीपासून फार दूर आहे. प्रशांत महासागरात ताहितीच्या शेजारी मोरेआ नावाचे लहानसे बेट आहे, तेथील ती रहिवासी. बारमाही ऊब, दमट हवा आणि मोठ्या झाडांची सावली यांत ती वाढली. तेथे ती खोडाला मुळांनी धरून वर चढते, आणि जसजशी चढते तसतशी तिची पाने मोठी होत जाऊन कडेने फाटतात. बाटलीतून खाली लोंबणाऱ्या वेलीची पाने लहान राहतात, याचे कारण हेच. तिला चढायला काही मिळालेले नसते.

अशा नाजूक वनस्पतींनी समुद्र ओलांडावा कसा, हा एके काळी मोठाच प्रश्न होता. डेकवर ठेवलेली रोपे खाऱ्या वाऱ्याने जळत, आणि गोड्या पाण्याचा साठा माणसांनाच अपुरा पडे. १८२९ साली लंडनमधील नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टराने पतंगाचा कोश ओल्या मातीसह एका बंद बाटलीत ठेवला होता. पतंगाचे राहिले बाजूला, त्या मातीतून नेचा व गवत उगवले. मातीतील ओलावा दिवसा वाफ होऊन काचेवर जमे आणि पुन्हा खाली झिरपे, त्यामुळे पाणी घालण्याची गरज पडेना. १८३३ साली त्याने काचेच्या दोन पेट्यांतून रोपे सिडनीस पाठवली, ती जिवंत पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपे अशाच पेट्यांतून हिंदुस्थानात आणली. आसाम-दार्जिलिंगच्या चहाचा इतिहास सांगताना या पेटीचा विसर पडू नये. तिने साम्राज्याची मळेशेती जशी उभी केली, तशीच युरोपातील दिवाणखान्यांत उष्ण कटिबंधातील पानांची हौसही रुजवली.

मोरेआच्या वेलीला शास्त्रीय नाव मिळाले ते १८८० साली. पण ते टिकले नाही. वनस्पतीचे कुळ फुलावरून ठरवायचे आणि ही वेल तर फुलतच नाही! पोथोस, सिंडाप्सस, ऱ्हाफिडोफोरा अशी तिची नावे बदलत गेली. १९६२ साली फ्लोरिडात एका वेलीला फूल आले, तेव्हा चर्चेस आधार सापडला आणि १९६४ साली एपिप्रेम्नम ऑरियम हे नाव ठरले. फूल धरण्यास लागणारे जिबरेलिन हे द्रव्य तिच्या अंगी पुरेसे तयार होत नाही, हे २०१६ साली दाखवण्यात आले. म्हणजे घरोघरची ही वेल बीजातून नव्हे, तर कापलेल्या फांदीतून पसरत आली आहे.

नवी दिल्लीची उभारणी १९११ च्या घोषणेनंतर सुरू झाली, तेव्हा उद्यानतज्ज्ञांचे लक्ष रस्त्यांवरील झाडांकडे होते. सुंदर नर्सरीत झाडांची पारख होई. कुंड्यांतील पानांची शोभा खोल व्हरांड्यांच्या आश्रयाने वाढली. उष्ण देशांतील अशा वनस्पतींसाठी लोदी उद्यानात काचघर आहे. १९६८ च्या सुमारास उद्यानाची नव्याने आखणी झाली, त्या काळातले. व्हरांडे गेले, सदनिका आल्या, तशी ही पाने खोलीच्या आत सरकली.

त्यांना आत आणण्यामागे पुढे एक नवी आशा उभी राहिली. अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी वोल्वर्टन यांनी १९८९ साली बंद पेट्यांत प्रयोग करून दाखवले, की झाडे व त्यांच्या मुळाजवळची माती फॉर्माल्डिहाइड, बेंझीन यांसारख्या वाफा कमी करतात. दिल्लीच्या हवेने फुप्फुसाची शक्ती सत्तर टक्क्यांवर आल्याचे सांगणारे कमल मीत्तल यांनी नेहरू प्लेस येथील आपल्या इमारतीत बाराशेहून अधिक झाडे ठेवली. अरेका पाम, मनीप्लांट आणि सासूची जीभ म्हणून ओळखले जाणारे तलवारीसारखे पान ही त्यांची त्रयी २००९ च्या त्यांच्या भाषणामुळे जगभर पोहोचली. हिवाळ्यात खोकणारे मूल घरी असलेल्या आईबापांनी तेव्हा कुंड्या खरेदी केल्या, यात नवल नाही.

परंतु पेटी वेगळी आणि घर वेगळे. घराच्या फटींतून हवा सारखी बदलत असते. २०१९ साली जुन्या प्रयोगांची फेरतपासणी झाली, तेव्हा असे निघाले की या हवापालटाइतका परिणाम साधायला जमिनीच्या दर चौरस मीटरला किमान दहा, कदाचित हजार झाडे लागतील. शिवाय ते प्रयोग वाफांवरचे होते. दिल्लीला छळते ती प्रामुख्याने अतिसूक्ष्म धूळ. त्या धुळीवर एका बरणीतील वेलीचा भरवसा ठेवून खिडकीबाहेरच्या धुराकडे डोळेझाक करणे धोक्याचे आहे. झाडाने हवा राखावी, अशी अपेक्षा करण्यापेक्षा या हवेत झाडाला राखावे लागते, हेच खरे.

ते राखणे अवघड नाही. उन्हाची थेट तिरीप नको, पण उजेड हवा. पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी उत्तम. लूच्या दिवसांत कूलरच्या झोतासमोर कुंडी ठेवू नये. जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर उतरतो, तेव्हा वाढ थांबते. अशा वेळी माती वरून बोटभर सुकल्यावरच पाणी द्यावे, नाहीतर मुळे कुजतात. फांदी पेराखाली कापावी, कारण मुळे फुटतात ती पेरातूनच. बाटलीतील पाणी आठवड्यास बदलावे. पाने चघळल्यास तोंडाची आग होते, म्हणून रांगत्या मुलांच्या हाती ती लागू देऊ नयेत. आणि पाने ओल्या फडक्याने पुसावीत. मीत्तल यांनी अरेका पामविषयी सांगितलेला नियम असा, की स्वच्छ हवेच्या शहरात हे काम आठवड्यातून एकदा पुरते; दिल्लीत ते रोज करावे लागते.