पेट्रोल व डीझेल यांचे विक्रीदर

पेट्रोल व डीझेल यांचे विक्रीदर : पेट्रोल-पंपावर ग्राहकाकडून दर लिटरमागे घेतली जाणारी किंमत. तीत कच्च्या तेलाची किंमत, शुद्धीकरण व वाहतूक यांचा खर्च, तेल कंपनीचा नफा, केंद्र सरकारचे उत्पादन शुल्क, विक्रेत्याचे कमिशन आणि राज्य सरकारचा मूल्यवर्धित कर यांचा अंतर्भाव होतो. ही किंमत न्याय्य आहे किंवा नाही, हे केवळ तिच्या आकड्यावरून ठरविता येत नाही. दर कोणत्या आधारावर आकारला जातो, त्यातील कराचा भार कोणावर पडतो आणि कच्चे तेल स्वस्त झाल्यास त्याचा लाभ ग्राहकास मिळतो किंवा नाही, या तीन कसोट्या त्यासाठी लावाव्या लागतात. लोहमार्ग नसलेल्या साक्रीसारख्या (जि. धुळे) तालुक्यात शेतमाल, खते, धान्य व प्रवासी यांची सर्व वाहतूक रस्त्यानेच होत असल्याने तेथे या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे.

आयात-समतुल्य दरपद्धती : १९२७-२८ मध्ये भारतातील रॉकेलच्या बाजारपेठेत रॉयल डच-शेल व न्यूयॉर्कची स्टँडर्ड ऑइल या कंपन्यांमध्ये तीव्र दरयुद्ध झाले. सप्टेंबर १९२८ मध्ये स्कॉटलंडमधील ॲक्नॅकॅरी येथे बड्या तेल कंपन्यांनी आपापसांत समझोता केला. त्यानुसार तेल कोठूनही आणलेले असले, तरी त्याची किंमत मेक्सिकोच्या आखातावरील अमेरिकन बंदरांचा दर अधिक तेथपासूनचे जहाजभाडे अशी धरण्याचे ठरले. स्वातंत्र्यानंतरही आयातीशी बरोबरी साधणारी ही पद्धती चालू राहिली. तुर्भे येथे १९५४ व १९५५ मध्ये अनुक्रमे स्टॅन्व्हॅक व बर्मा-शेल यांचे शुद्धीकरण कारखाने सुरू झाले. परंतु तेथे तयार झालेल्या पेट्रोलची किंमतही ते परदेशातून आणले असते, तर जितकी पडली असती तितकीच धरली जाई. प्रत्यक्ष खर्चाशी दराचा मेळ नसणे, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप होता. दामले समिती (१९६१), तालुकदार कार्यगट (१९६५) व शांतिलाल शाह समिती (१९६९) यांनी या पद्धतीची छाननी केली व कंपन्यांच्या आकारणीस क्रमाक्रमाने मर्यादा पडत गेल्या.

नियंत्रित दरपद्धती : १९७३-७४ मध्ये तेल निर्यातदार देशांनी कच्च्या तेलाचे दर सु. चौपट केले. १९७४ ते १९७६ या काळात एस्सो व बर्मा-शेल यांचे भारतातील व्यवसाय सरकारच्या मालकीचे झाले. मुंबई हाय क्षेत्रातून १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. कृष्णस्वामी समितीच्या शिफारशींनुसार, उत्पादनखर्चावर ठराविक परतावा देणारी नियंत्रित दरपद्धती अंमलात आली. तीत पेट्रोलवर जादा आकारणी करून रॉकेल, स्वयंपाकाचा गॅस व डीझेल यांचे दर कमी ठेवले जात. मोटारमालकाकडून अधिक घेऊन गरिबाच्या चुलीस व शेतकऱ्याच्या तेल-इंजिनास साहाय्य करावे, हा त्यामागील न्याय होता.

मात्र दरांतील या तफावतीमुळे स्वस्त रॉकेल डीझेलमध्ये मिसळण्याचा बेकायदा धंदा फोफावला. मनमाडजवळ तेलाच्या भेसळीचा प्रकार उघडकीस आणताना मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी जिवंत जाळण्यात आले. गरिबांसाठी राखलेली सवलत मधल्यामध्ये लुबाडली जात होती, हे या घटनेने भीषण रीतीने दिसून आले.

नियंत्रणमुक्ती व करवाढ : १ एप्रिल २००२ पासून नियंत्रित दरपद्धती औपचारिक रीत्या संपुष्टात आली, तथापि दरांवरील सरकारचा प्रभाव कायम राहिला. पेट्रोल जून २०१० मध्ये व डीझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले आणि १६ जून २०१७ पासून देशभर दररोज दर बदलण्याची पद्धत सुरू झाली. आंतरराष्ट्रीय बाजाराप्रमाणे दर चढावेत व उतरावेत, हे या व्यवस्थेचे तत्त्व होय. व्यवहारात मात्र चढ आणि उतार सारखे राहिले नाहीत. २०१४ च्या मध्यास पिंपामागे १०० डॉलरहून अधिक असलेले कच्चे तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली आले. त्याच अवधीत केंद्राने नऊ वेळा मिळून उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरमागे ११.७७ रु. व डीझेलवर १३.४७ रु. वाढविले. मे २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे तेलाचे भाव कोसळले असता, ते आणखी अनुक्रमे १० व १३ रु. वाढले. पुढे नोव्हेंबर २०२१ व मे २०२२ मध्ये कपात होऊन हे शुल्क अनुक्रमे १९.९० व १५.८० रु. झाले. एप्रिल २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत कंपन्यांनी दर जवळजवळ स्थिर ठेवल्याने दैनिक बदलाचे तत्त्वही मागे पडले.

या शुल्काच्या रचनेसही महत्त्व आहे. मे २०२२ च्या कपातीनंतर पेट्रोलवरील १९.९० रुपयांपैकी राज्यांशी वाटून घ्यावयाचे मूळ शुल्क केवळ १.४० रु. होते, बाकीची रक्कम उपकर व विशेष शुल्क या स्वरूपात सर्वस्वी केंद्राकडे जाई. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, तेव्हा पेट्रोल व डीझेल त्याच्या आकारणीबाहेर ठेवले गेले. त्यामुळे राज्यांनीही आपल्या उत्पन्नासाठी या दोन पदार्थांवर मोठा भर दिला.

साक्री तालुक्याचे उदाहरण : साक्री हे सुरत-धुळे महामार्गावर (पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्र. ६, नंतर क्र. ५३) वसलेले आहे. खानदेशास इंधनाचा पुरवठा मुख्यत्वे मनमाडजवळील पानेवाडी येथील साठवण-आगारांतून टँकरने होतो. मूल्यवर्धित कर शेकडेवारीने आणि उत्पादन शुल्क व वाहतूक खर्च यांसह येणाऱ्या किमतीवर आकारला जात असल्याने लांबच्या वाहतुकीवरही ग्राहकास कर द्यावा लागतो. महाराष्ट्रात बराच काळ मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथे कराचा दर जास्त, तर उर्वरित राज्यात कमी होता. जुलै २०२४ पासून हा भेद काढून सर्वत्र पेट्रोलवर २५% व लिटरमागे ५.१२ रु. आणि डीझेलवर २१% असा कर ठरविण्यात आला. सवलत मिळाली ती महानगरांना; खानदेशाच्या करात त्यामुळे काहीच घट झाली नाही.

कोंडाईबारी घाट उतरून नवापूर ओलांडले की गुजरातची हद्द लागते. तेथे नोव्हेंबर २०२१ मधील कपातीनंतर पेट्रोलवरील कर १३.७% व ४% उपकर असा होता. त्यामुळे त्याच महामार्गावर, हद्दीच्या दोन बाजूंस, पेट्रोलच्या दरात ठळक फरक पडला. मालमोटारींना हद्दीपलीकडे टाकी भरून घेता येते. पिंपळनेर किंवा दहिवेलच्या बाजारास कांदा नेणाऱ्या लहान शेतकऱ्यास ते शक्य नसते. १ ऑक्टोबर २०१५ पासून महाराष्ट्र सरकारने दुष्काळ-निवारणासाठी पेट्रोल व डीझेलवर लिटरमागे २ रु. अधिभार बसविला. ट्रॅक्टर व तेल-इंजिन चालविणाऱ्या दुष्काळग्रस्त शेतकऱ्यासही तो भरावा लागला. अप्रत्यक्ष कर देणाऱ्याची ऐपत पाहत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

ग्राहकाचे संरक्षण : दर न्याय्य असला, तरी माप व प्रत खरी नसल्यास ग्राहकाची फसवणूक होते. म्हणून प्रत्येक पंपावर प्रमाणित ५ लिटरचे माप ठेवणे बंधनकारक असून त्यात २५ मिलिलिटरपेक्षा अधिक तूट चालत नाही. ग्राहकास हे माप व भेसळ तपासण्यासाठी गाळणकागद मागता येतो. वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार करण्याचीही सोय आहे.

मूल्यमापन : इंधनावरील कर सर्वस्वी अन्याय्य म्हणता येत नाही. रस्तेबांधणीस त्यातून निधी मिळतो, आयात तेलाच्या उधळपट्टीस आळा बसतो आणि राज्यांच्या योजना त्यावर चालतात. तथापि भाव चढल्यास बाजाराचे तत्त्व सांगावयाचे आणि उतरल्यास कर वाढवावयाचा, या रीतीने दोन्ही वेळांचा भार ग्राहकावरच पडतो. पूर्वी परदेशी कंपन्यांवर जो आक्षेप घेतला जाई, तोच—दर व प्रत्यक्ष खर्च यांचा मेळ नसणे—नंतर करांच्या बाबतीत घेतला जाऊ लागला. दराचे घटक पावतीवर स्वतंत्रपणे दाखविणे, करवाढीप्रमाणेच करकपातीचाही निश्चित नियम ठरविणे आणि शेती व ग्रामीण वाहतूक यांसाठी वेगळा विचार करणे, या गोष्टी झाल्यास पंपावरील दर न्याय्य आहे किंवा नाही, हे साक्रीच्या ग्राहकासही स्वतः पडताळून पाहता येईल.