किनाऱ्याआधी वाट पाहा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



संक्रांतीनंतर आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बायका घरी आल्या. म्हणाल्या, "बाई, वणी झाली, तुळजापूर झालं, पंढरपूर तर दरवर्षीच. यंदा गोव्याला जायचं ठरवलंय. तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात, तुम्हीच सांगा, कुठला समुद्रकिनारा चांगला?"

मला हसू आलं. समुद्राचं आणि इतिहासाच्या बाईचं काय नातं? पण त्या गेल्यावर मला आमचीच जुनी सहल आठवली.

आम्ही आठजणी होतो. गोवा एक्सप्रेस आपल्या कोपरगाव स्टेशनावर थांबते, तिच्यातच बसलो. दुसऱ्या दिवशी एका किनाऱ्यावर गेलो. मोठ्या हॉटेलाच्या कडेने उतरलो, वाळूत सतरंजी टाकली, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात गणवेशातला एक रखवालदार आला. "ही जागा हॉटेलची आहे, पलीकडे जा." आम्ही उठलो. एकीनेही विचारलं नाही की बाबा, कागद दाखव. सतरंजी गुंडाळताना आमच्यातल्या एका आजी एवढंच म्हणाल्या, "अगं, समुद्रसुद्धा विकला का यांनी?"

त्या दिवशी आजींना उत्तर देता आलं नव्हतं. आज देते.

आपल्या ओळखीच्या ठिकाणापासून सुरुवात करू. कोपरगावचं बेट आपण सगळ्यांनी पाहिलंय. शुक्राचार्यांचं देऊळ, कचेश्वराचं देऊळ, कच-देवयानीची आणि संजीवनी विद्येची गोष्ट तिथलीच. राघोबादादा पेशव्यांचे शेवटचे दिवस कोपरगावात गेले, १७८३ साली ते इथेच वारले. त्यांच्या वाड्याची गोष्ट आपण पाहुण्यांना हौसेने सांगतो. पण आपल्या आज्या-पणज्या रोज जिथे जात होत्या तो घाट. धुणं घेऊन, घागर घेऊन, अधिकमासात दिवा सोडायला, "गंगेवर जाऊन येते" म्हणून निघायच्या. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो.

घाट म्हणजे काय? पाण्यापर्यंत नेणारी पक्की, सगळ्यांची वाट. आपल्या जिल्ह्याला ज्यांचं नाव दिलंय त्या अहिल्याबाई होळकर जामखेडजवळच्या चौंडीच्या लेक. त्यांनी महेश्वरला घाट बांधला, काशीला मणिकर्णिकेचा घाट बांधला, आपल्या पुणतांब्याचा घाटही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांच्या मनात आलं असतं तर नदीकाठी नुसते वाडे बांधले असते. त्यांनी पायऱ्या बांधल्या. वाड्यात एक घराणं राहतं. पायऱ्यांवरून गाव पाण्यापर्यंत जातं.

पण सगळं गाव जात होतं का? इथे आपल्याला खरं बोलावं लागतं. पाणवठा सगळ्यांचा म्हणायचा आणि काहींना तिथे पायही ठेवू द्यायचा नाही, अशी रीत आपल्याच गावांतून होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सरकारी खर्चाने चाललेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांनाही खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, पण काठावर जायची कुणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, तळं खासगी आहे असा दावा करून काही जण कोर्टात गेले. बाबासाहेबांनी तो खटला दहा वर्षं लढवला आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. त्याच १९२७ सालच्या डिसेंबरात महाडला दुसरी परिषद झाली, तेव्हा बायाही मोठ्या संख्येने आल्या होत्या आणि बाबासाहेब त्यांच्याशी वेगळे बोलले होते.

महाडची गोष्ट आज सांगितली, कारण समुद्राचा प्रश्नही त्याच जातीचा आहे. पाणी तिथेच असतं. भांडण होतं ते काठावर जायच्या वाटेचं.

आता गोव्याला जाऊ. मडगावला उतरून पणजीकडे निघालात की जुवारी नदीवरचा लांब पूल लागतो. तो ओलांडला की तुम्ही एका बेटावर येता, आणि बहुतेकींना ते कळतही नाही. तिसवाडी त्याचं नाव. तीस वस्त्यांचं म्हणून तिसवाडी. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पूर्वेला या दोघींना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र. पोर्तुगीजांनी १५१० साली हे बेट जिंकलं आणि ते १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्यात राहिले. पणजी शहर याच बेटावर आहे, आणि मिरामार, करंझाळे, दोना पावला, वायंगिणी, बांबोळी, शिरदोण हे किनारेही.

यातल्या वायंगिणीची गोष्ट आपल्या कामाची आहे. ताळगावच्या हद्दीतला हा छोटासा किनारा. तिथे एक मोठं हॉटेल उभं राहिलं. सरकारने लोकांची जमीन संपादन करून हॉटेलला दिली आणि १९८३ च्या करारात एक अट घातली, की लोकांची किनाऱ्यावर जायची वाट मोकळी राहिली पाहिजे. पुढे बांधकाम वाढलं आणि वाट अडली. तिथल्या रहिवाशांनी आणि पर्यावरणाचं काम करणाऱ्या गोवा फाउंडेशनने कोर्टात धाव घेतली. २००० साली उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. हॉटेल सर्वोच्च न्यायालयात गेलं. २० जानेवारी २००९ रोजी तिथेही लोकच जिंकले. न्यायालयाने सांगितलं की समुद्रकिनारा, नद्या, वनं ही सरकारकडे लोकांची ठेव आहे, सरकार त्याचं राखणदार आहे, मालक नाही. याच न्यायाने १९९६ साली हिमाचलातल्या बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात निकाल झाला होता. म्हणजे समुद्राला लागू ते नदीलाही लागू.

गोष्ट इथे गोड संपली असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी गोवा सरकारने कायदा बदलला आणि हॉटेलचं बांधकाम वाचवलं. पण सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्याबद्दल जे सांगितलं ते कायम राहिलं, आणि आज देशभर लोक त्याचा आधार घेतात.

त्याआधीचे दोन टप्पेही लक्षात ठेवा. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, की भरतीच्या पाण्यापासून किमान ५०० मीटर किनारा मोकळा ठेवा. त्या पत्रातली चिंता १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमनाच्या अधिसूचनेत नियम होऊन आली. किनाऱ्यालगत नवी हॉटेलं बांधायची तर दोन हॉटेलांच्या मध्ये लोकांना जायला किमान २० मीटर रुंद मोकळी जागा सोडायची, आणि कुंपण घातलं तरी त्याने लोकांची किनाऱ्यावरची वाट अडता कामा नये, असं तिच्यात लिहिलं होतं. वीस मीटर म्हणजे दोन बैलगाड्या आरामात एकमेकींना ओलांडून जातील त्याहूनही जास्त.

जगातल्या बेटांवरही हेच भांडण चालू आहे. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर १९६८ साली प्रश्न आला, की मालकाची जमीन कुठे संपते आणि लोकांचा किनारा कुठून सुरू होतो? मालकाकडे मोजणीचे आकडे होते. न्यायालयाने तिथल्या जुन्याजाणत्या माणसांची साक्ष मानली. वर्षभरात लाट जिथपर्यंत चढते, जिथून झाडझाडोरा सुरू होतो, तिथपर्यंत किनारा लोकांचा. उलट जमैका बेटावर इंग्रजांच्या काळात, १९५६ साली, किनाऱ्याचा कायदा झाला. त्यात लोकांना समुद्रावर जायचा सरसकट हक्कच दिला नाही. तिथली माणसं अजून त्यासाठी झगडत आली आहेत. दोन्ही बेटं सुंदर, दोन्हीकडे निळं पाणी. फरक आहे तो कायद्यात आणि तो कायदा कुणी कुणासाठी केला त्यात.

म्हणून मैत्रिणींनो, किनारा निवडताना आधी वाट पाहा. पाहा म्हणजे डोळ्यांनी बघा. रस्त्यावरून वाळूपर्यंत सरळ, उघडी, सगळ्यांची वाट आहे का? गावातली पोरं तिथे खेळतात का? रापणकार जाळं ओढतात का, मासे विकणाऱ्या बाया बसतात का? जिथे गावाचा वावर आहे तो किनारा जिवंत आणि तुमचाही. जिथे फक्त छत्र्या आणि खुर्च्या आहेत, तिथे कुणीतरी लवकरच म्हणणार, पलीकडे जा.

दुसरं, सुरक्षितता पाहा. जीवरक्षक कुठे बसलेत ते आधी शोधा. लाल झेंडा असेल तर पाण्यात पाय घालू नका. लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले असतील तर त्यांच्या मधल्याच पाण्यात उतरा. मिरामार बसायला फार सुंदर, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी तिथे आहे. पण मांडवी तिथेच समुद्राला मिळते आणि पाण्याला ओढ असते, म्हणून तिथे संध्याकाळ बघा, पोहू नका. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा लांबूनच नमस्कार करा. ओलं नऊवार जड होतं आणि पायात अडकतं. लाज न धरता सलवार किंवा जुना गाऊन घाला.

तिसरं, स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची आडोशाची जागा आहे का ते विचारा. आपण बायका हे विचारायला संकोचतो आणि मग दिवसभर पाणी पीत नाही. ज्या किनाऱ्यावर बाईला तहान मारावी लागते तो किनारा तिच्यासाठी चांगला नव्हे.

आणि पुन्हा कुणी "ही जागा आमची" म्हणालं, तर भांडू नका, विचारा. भरतीचं पाणी चढतं तिथपर्यंतची जमीन कायद्याने सरकारची, म्हणजे आपली. महाराष्ट्रात १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम २० मध्ये नद्यांचं पात्रही त्याच यादीत आहे.

यादीत नद्यांचं नाव आलंच आहे, तर घरच्या नदीकडे येऊ. आमच्या माहेरी मळ्यातून नदीवर जाणारी एक पायवाट होती. आई, आत्या, सगळ्याजणी तिच्यावरून गेल्या. नळ आले, वाट वापरातून गेली. कुणीतरी तिच्यावर ऊस लावला. मागच्या वर्षी मी गेले तर तारेचं कुंपण. मला रखवालदारसुद्धा लागला नाही, मी आपोआप मागे फिरले. गोव्याला जे मी पाहिलं ते माझ्याच गावात कधी झालं, मला कळलंही नाही.

वहिवाट हा आपला जुना शब्द आहे. जी वाट रोज पायाखाली असते ती राहते, जिच्यावर कुणी जात नाही ती जाते. शेतावर जायची वहिवाटीची वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पण वाट वर्षानुवर्षं विसरलेली असेल तर आधी ती आठवावी लागते. म्हणून पुढच्या बैठकीत हिशोब झाला की गावातल्या म्हाताऱ्या आज्यांना बोलवा. त्यांना विचारा, नदीवर, ओढ्यावर, तळ्यावर जायच्या वाटा कुठे कुठे होत्या? वहीत लिहून घ्या. गावनकाशा मागवा, ताडून बघा, ग्रामसभेत मांडा. हवाईच्या न्यायालयाने म्हाताऱ्यांची साक्ष मानली. आपल्या आज्यांची साक्ष निदान आपण तरी लिहून ठेवू.

मग खुशाल गोव्याला जा. सतरंजी न्या, दशम्या न्या. वाळूत ऐसपैस बसा. आमच्या त्या आजी आता नाहीत. पण त्यांना सांगायचं राहिलेलं उत्तर तुमच्याकडे देते: समुद्र कुणी विकलेला नाही, आजी. आपणच उठायला नको होतं.